5,000 रुपयांच्या बाकीवर 3,985 रुपये कसे झाले, त्याचा हिशेब मिळणेबाबत

बेळगाव,
20 जानेवारी 2025

प्रति,
मुख्य तक्रार निवारण अधिकारी,
क्रेडिट कार्ड विभाग

विषय: चुकीची माहिती देऊन आकारलेले व्याज परत करणे व कार्ड बंद करणे.

महोदय,

उद्यमबागेत माझे छोटे मशीन शॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन, दोन कामगार आणि मी. तीन वर्षे तुमचे कार्ड वापरतोय, बिल कधी थकवले नाही. ऑक्टोबरमध्ये एका लेथची मोटर जळाली. 15 तारखेला नवी मोटर आणि ड्राइव्ह घेतला, 60,000 रुपये कार्डावर. 12 नोव्हेंबरला बिल आले, भरायची शेवटची तारीख 2 डिसेंबर. नेमके त्याच आठवड्यात फौंड्रीवाल्या पार्टीचे पेमेंट अडकले. 55,000 जमले, 5,000 कमी पडले.

भरण्याआधी मी तुमच्या कस्टमर केअरला फोन केला होता, हे इथे मुद्दाम लिहितो. भाषा निवडताना मराठी नव्हतीच, म्हणून हिंदी घेतली. पलीकडच्या मुलाने सांगितले, ‘जो बाकी रहेगा उसी पे ब्याज लगेगा, साढ़े तीन परसेंट.’ तुमचे कॉल रेकॉर्ड होतात असे तुमचीच टेप सुरुवातीला सांगते, तेव्हा ते काढून ऐकावे. मी डोक्यात हिशेब केला: पाच हजाराचे साडेतीन टक्के, 175 रुपये. म्हटले, चालेल. 2 डिसेंबरला 55,000 भरून टाकले.

12 डिसेंबरच्या बिलात व्याज 3,377 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी 608. मिळून 3,985. मेसेज आला तेव्हा हाताला ग्रीस होते. मला वाटले, दशांश चिन्ह दिसले नसेल. हात पुसून पुन्हा वाचले.

टिळकवाडीतल्या शाखेत गेलो तर ‘कार्डाचं डिपार्टमेंट वेगळं, इथं काही होत नाही’ असे उत्तर मिळाले. शेवटी एका जुन्या ड्रॉइंगच्या पाठीवर मीच हिशेब मांडला, पुतण्या बाजूला बसला होता. महिन्याला साडेतीन म्हणजे वर्षाला 42 टक्के. 60,000 वर दिवसाला 69 रुपये 4 पैसे. खरेदीच्या दिवसापासून 1 डिसेंबरपर्यंत 48 दिवस, म्हणजे 3,314 रुपये. उरलेल्या 5,000 वर 2 ते 12 डिसेंबर असे 11 दिवस, 63 रुपये. बेरीज तुमच्या आकड्याला पैशासकट जुळली.

म्हणजे व्याज ‘बाकीवर’ नव्हतेच. पूर्ण बिल भरले तरच ते 48 दिवस बिनव्याजी. थोडे जरी राहिले तर ती सवलत मागच्या तारखेपासून उडते आणि भरलेल्या 55,000 वरही व्याज लागते. पाच हजार सोडा, शंभर रुपये राहिले असते तरी ते 3,314 लागलेच असते. शिवाय त्या दिवसांत कार्डावर नवी खरेदी केली असती तर तिलाही पहिल्या दिवसापासून व्याज. ती केली नाही, एवढेच नशीब. गल्लीतला सावकारही शेकडा साडेतीन सांगतो, पण तो कुठल्या दिवसापासून आणि कशावर, हे पैसे हातात देण्याआधी तोंडावर सांगतो.

दर जास्त आहे म्हणून मी भांडत नाही. 30 टक्क्यांच्या वर व्याज घेणे अनुचित ठरवणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा 2008 चा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 20 डिसेंबर 2024 रोजी रद्द केला, हे पुतण्याने मोबाईलवर दाखवले. ठीक आहे, घ्या 42. पण रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या निर्देशांप्रमाणे व्याजासाठी थकबाकी कशी धरली ते दर महिन्याच्या बिलात ठळक दाखवायचे असते. माझ्या बिलात ठळक काय आहे? ‘किमान देय 3,000 रुपये’. तो आकडा चष्म्याशिवाय वाचता येतो. व्याजाची रीत चौथ्या पानावर, बारीक इंग्रजीत.

दुसरी गोष्ट रकमेने लहान आहे, पण आमच्या धंद्यात एक सूत चुकले की अख्खा जॉब परत येतो. 1 जानेवारीला मी 8,985 रुपये पूर्ण भरले. तरी 12 जानेवारीच्या बिलात 196 रुपये व्याज. बिलाच्या तारखेपासून भरेपर्यंतचे 19 दिवस तुम्ही मोजलेत, तेही समजले. पण 5,000 वर 19 दिवसांचे 109 रुपये होतात. 196 तेव्हाच येतात, जेव्हा डिसेंबरचे व्याज आणि जीएसटी धरून 8,985 वर आकारणी होते. न भरलेले शुल्क आणि कर मुद्दलात मिसळून त्यावर व्याज लावू नये, असे त्याच निर्देशांत आहे. कराचा भाग तर सरळ चूक आहे. व्याजावर व्याज कोणत्या अटीने लावले, ते कलम दाखवा.

तेव्हा माझी मागणी अशी. फोनवरचे रेकॉर्डिंग तपासून 5,000 वरचे व्याज ठेवावे आणि बाकीचे जीएसटीसकट परत करावे. जानेवारीचे बिल दुरुस्त करून दिवसवार तक्ता पाठवावा. दुरुस्त रक्कम मी त्याच दिवशी भरतो, मग कार्ड बंद करावे. बाकी फिटल्यावर कार्ड सात कामकाजाच्या दिवसांत बंद केले नाही तर दिवसाला 500 रुपये दंड तुम्हाला लागतो, हेही आता वाचून झाले आहे. 30 दिवसांत समाधानकारक उत्तर आले नाही तर हीच कागदे रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे पाठवीन.

उत्तर मराठीत आले तर बरे, कन्नडमध्ये आले तरी वाचीन.

आपला ग्राहक,
अनगोळ, बेळगाव

सोबत: तिन्ही बिलांच्या प्रती, पैसे भरल्याच्या दोन पावत्या, फोन केल्याची तारीख-वेळ दाखवणारा स्क्रीनशॉट आणि ड्रॉइंगच्या पाठीवरचा हिशेब.