हस्तलिखितांचे नुसते स्कॅनिंग पुरेसे नाही

संपादक महोदय,

खानदेशातील जुन्या हस्तलिखितांच्या स्कॅनिंगवरील आपल्या पुरवणीतील लेखात अरबी आणि फारसी दोन्हींना 'सेमिटिक' म्हटले आहे. अरबी सेमिटिक खरी, हिब्रू आणि सुरियानी (सिरियन ख्रिश्चनांची जुनी धर्मभाषा) यांच्या घरातली. फारसीची लिपी अरबी असली तरी तिचे नाते संस्कृत-मराठीशी. हा घोळ सूचीत गेला की पोथी भलत्याच कपाटात बसते आणि शोधणाऱ्याला सापडत नाही.

स्कॅन तर होईल, पण वाचणार कोण? अरबीत बे, ते, से, नून, ये यांचा शब्दाच्या मध्ये येणारा सांगाडा एकच, फरक नुक्त्यांचा, म्हणजे अक्षराच्या वर-खाली दिल्या जाणाऱ्या टिंबांचा. घाईतला नकलकार नुक्ते गाळतो, काही कसर खाते, आणि स्कॅनमध्ये माशीचा डागही नुक्ताच दिसतो. तीन व्यंजनांच्या धातूपासून शब्द कसे बनतात हे अंगवळणी पडलेला माणूसच इथे नेमका शब्द काढतो. मोडी वाचणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

सूची करताना उजव्या पानाच्या तळाशी पाहावे. पुढच्या पानाचा पहिला शब्द तिथे लिहिलेला असतो. तो जुळला नाही तर पान गहाळ आहे, नाहीतर शिवताना मागेपुढे झाले आहे. अखेरीस नकलेचे साल असते, पण नकलकार कधी मूळ पोथीचेच साल उतरवून ठेवतो. म्हणून कागद-शाईशी ताडून घ्यावे. इसवी सन काढायला हिजरी सालात सरळ ६२२ मिळवणे ही तर नेहमीची चूक. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणून आधी ०.९७ने गुणावे, मग ६२२ मिळवावेत. खानदेशच्या फारुकी सुलतानांच्या काळातल्या पोथीवर हिजरी ९९७ असेल, तर ते साधारण १५८९. सरळ बेरजेने १६१९ येते, आणि फारुकींचा असीरगड किल्ला तर अकबराने १६०१ मध्येच घेतला होता!

बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत लेखही आहे. दोन्ही वाचू शकणारा अभ्यासक सहा महिन्यांच्या कोर्सने घडत नाही. पुरातत्त्व सर्वेक्षणाची अरबी-फारसी शिलालेख शाखा नागपुरात आहे, सुरियानी कोट्टायमला शिकता येते. स्कॅनिंगच्या निधीतून धुळे-जळगावच्या दोन विद्यार्थ्यांना पाच वर्षांची शिष्यवृत्ती द्यावी. आधी अरबी व्याकरण, मग हिब्रू किंवा सुरियानी.

तोवर पोथ्यांना सेलोटेप व लॅमिनेशन करू नये. सेलोटेपचा गोंद कागदात मुरून पिवळा पडतो आणि लॅमिनेशन काढताना अक्षरे सोबत निघतात. सुती रुमालात बांधून, भिंतीपासून दूर ठेवाव्यात.

– एक वाचक, धुळे