भर समुद्रात ओटीपी कुठून आणायचा? होस्टिंग अकाउंट लॉक केल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

नमस्कार,

ज्यावर आमची वेबसाईट आणि मेल चालते ते तुमच्याकडचं अकाउंट माझ्या धाकट्या भावाच्या नावावर आहे आणि त्याच्या बोटीच्या प्रवासाची ही वेबसाईट सांभाळते मी, बडोद्यात बसून. हे आधीच सांगतेय म्हणजे "अकाउंट होल्डरनेच संपर्क साधावा" हे छापील उत्तर परत यायला नको. भाऊ आणि भावजय मलेशियातल्या लंकावीला एक जुनी शिडाची बोट विकत घेऊन श्रीलंका, मालदीव करत कोचीकडे निघालेत. बडोद्याला समुद्र नाही, विश्वामित्री नदी आहे आणि तिच्यात मगरी, त्यामुळे आमच्या घरात हे वेड कुठून आलं ते मला विचारू नका.

साईट चालते कशी ते जरा समजून घ्या, कारण तुमच्या चॅटवर कुणालाच ते कळलेलं नाहीये. किनारा सुटला की दहा-पंधरा मैलांत मोबाईलची रेंज जाते. पुढे बोटीवर काय, तर इरिडियमचं सॅटेलाईट यंत्र, त्याचा स्पीड सेकंदाला २.४ किलोबिट, म्हणजे ४ एमबीचा एक फोटो चढवायला साधारण पावणेचार तास, तेही लाईन मध्ये तुटली नाही तर. आणि त्याच लाईनवर हवामानाची फाईल उतरवायची असते, ती आधी, साईट नंतर. म्हणून भाऊ रोज संध्याकाळी नुसत्या मजकुराची मेल टाकतो, अक्षांश-रेखांश, वारा किती, गळाला मासा लागला की नाही, एवढंच, आणि मी ते वर्डप्रेसमध्ये, म्हणजे साईट ज्या सॉफ्टवेअरवर चालते त्यात, टाकते आणि नकाशावरचं टिंब पुढे सरकवते. फोटो बंदरात वायफाय मिळालं की. आईला अक्षांश-बिक्षांश कळत नाही, तिला टिंब कळतं, सकाळचा चहा झाला की टॅब घेऊन तेच बघते.

आता तुम्ही काय केलंत ते. निघायच्या आधी मी तुम्हाला लेखी कळवलं होतं की लॉगिन श्रीलंका, मालदीव आणि बडोदा असं तिन्हीकडून होत राहील, त्यावर "नोंद घेतली आहे" असं तुमचं उत्तर आलं, ते माझ्याकडे आहे. कसली नोंद? श्रीलंकेतल्या गॉलच्या बंदरात त्याने फोटो चढवायला लॉगिन केलं, त्याच दुपारी मी इथून केलं, झालं, तुमच्या सिस्टीमला संशय आला आणि अकाउंट लॉक. उघडायला ओटीपी हवा, ओटीपी जाणार त्याच्या भारतातल्या सिमवर, आणि माझ्या हे लक्षात येईपर्यंत बोट मालदीवमधल्या उलिगामूच्या वाटेला लागलेली, चारशेहून जास्त सागरी मैल, वारा साथीला असला तरी तीन-चार दिवस.

साईट उघडली की "हे अकाउंट सस्पेंड करण्यात आले आहे". अहो पैसे आगाऊ भरलेत! नातेवाईकांचे फोन सुरू झाले, बिल भरायचं राहिलं का इथपासून ते बोटीला काही झालं का इथपर्यंत, आणि आईला काय सांगायचं ते मलाच कळेना कारण खरंच मलाही माहीत नव्हतं. ते का, तर साईटबरोबर तुम्ही त्याच डोमेनची, म्हणजे साईटच्या नावाच्या पत्त्यावरची, मेलसुद्धा बंद केलीत. तो बिचारा रोज ठावठिकाणा पाठवतोय आणि मेल परत जातेय, आणि ते "मेल पोचली नाही"चे लांबलचक निरोप उतरवण्यात त्याची सॅटेलाईटची महागडी मिनिटं जातायत. शेवटी त्याने भावजयीच्या बहिणीला मेल टाकली तेव्हा आमच्या जिवात जीव आला.

तुमच्या चॅटवरचे सल्ले तर विचारूच नका. फोन एअरप्लेन मोडवर टाकून परत चालू करा म्हणे. मी म्हटलं सॅटेलाईटचा नंबर अकाउंटला जोडा, त्यावर एसएमएस येतो, तर तो नंबर ८८१६ ने सुरू होतो आणि तुमचा फॉर्म ९१ सोडून काही घेतच नाही. मग दुसऱ्याने सांगितलं स्टारलिंक, म्हणजे सॅटेलाईट इंटरनेटची डिश, बसवा. ती डिश पन्नास-पंचाहत्तर वॅट खात राहते आणि बोटीवर फ्रीज, ऑटोपायलट, रात्रीचे दिवे सगळं त्याच बॅटरीवर असतं. तुमच्या ओटीपीसाठी त्यांनी फ्रीज बंद करायचा का?

सिक्युरिटी नको असं मी म्हणत नाहीये, ठेवा ना. पण ऑथेंटिकेटर अॅप ही काही नवीन गोष्ट नाही, ते फोनमधल्या घड्याळावरून दर ३० सेकंदाला नवा आकडा काढतं, त्याला रेंज लागत नाही, नेट लागत नाही, भर समुद्रात चालतं. ते दिलं असतंत तर मी इथून त्याला विचारायचीसुद्धा गरज नव्हती, माझ्याच फोनवर आकडा आला असता.

उलिगामूला पोचल्यावर त्याला रेंज मिळाली, ओटीपी आला, साईट उघडली. म्हणून विषय संपला असं समजू नका, कारण पुढचा टप्पा कोचीचा आहे आणि भारतात परवानगीशिवाय इरिडियम वापरता येत नाही, त्यामुळे हद्दीत शिरताना तो ते बंद करणार आणि सिमला रेंज येईपर्यंत बोट गप्पच. मला त्याआधी ऑथेंटिकेटरची सोय हवी, अकाउंटवर दुसरी अधिकृत व्यक्ती म्हणून माझं नाव हवं, आणि संशय आला तर लॉगिन अडवा पण लोकांना दिसणारी साईट आणि मेल चालू ठेवा. बंद होती तेवढ्या दिवसांचे पैसे परत, आणि नोंद घेऊनही लॉक का केलं याचं माणसाने लिहिलेलं उत्तर.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करायचं असतं, ते नाही झालं तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला, १९१५ वर, फोन करणार आहे.

उत्तर माझ्या जीमेलवरच पाठवा, डोमेनच्या पत्त्यावर नको. ती मेल तुमच्याच सर्व्हरवर आहे.

साईट सांभाळणारी थोरली बहीण
दांडिया बाजार, बडोदा