समूहचित्रातील बिननावाची माणसे

महोदय,

संस्थानी घराण्यांच्या खासगी अल्बममधील समूहछायाचित्रे हल्ली वरचेवर प्रसिद्ध होतात, हे स्वागतार्हच आहे. मात्र अंड्यातील पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावरील १९व्या शतकातील त्या पिवळट चित्रांखाली राजेसाहेब, दिवाण आणि (हटकून) ब्रिटिश रेसिडेंट यांचीच नावे आढळतात. मागे चवरी धरून उभा असलेला सेवक बिननावाचाच राहतो. निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांच्या काचेच्या निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जतन झाल्या. खासगी अल्बमना असा वाली क्वचितच लाभतो. चेहरे ओळखणारी वडीलधारी मंडळी हयात आहेत तोवर संबंधितांनी छायाचित्रांच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने, बॉलपेनने मुळीच नव्हे, नावे नोंदवून घ्यावीत आणि पुराभिलेख विभागाने त्यांच्या डिजिटल प्रती कराव्यात, ही विनंती.

– एक वाचक, कोल्हापूर