हिशेबात वर्ष धर

कर्वेनगर, पुणे

चि. अनिकेत यास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला महिन्याचा हिशेब नीट वाचला. वाकडच्या फ्लॅटचं तुझ्या वाट्याचं भाडं, डबा, पेट्रोल, मोबाइल, वीज, शनिवार-रविवारचं बाहेरचं खाणं, सगळं प्रामाणिकपणे मांडलं आहेस. बेरीज-वजाबाकीही बरोबर आहे. त्या कागदाप्रमाणे दर महिन्याला 9,000 रुपये उरायला हवेत आणि उरत तर काहीच नाही, याचं तुला कोडं पडलंय. तू उधळ्या नाहीस, हे तो कागद बघून कुणीही सांगेल. फक्त त्या कागदावर महिना आहे, वर्ष नाही.

गाडीचंच बघ. 2018 च्या सप्टेंबरपासून नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. तुझी गाडी घेतली तेव्हा बाबांनी तो भरला, म्हणून कॉलेजात असताना तुला त्याची झळ लागली नाही. ती मुदत यंदा संपली आणि विमा, सर्व्हिसिंग, मागचा टायर असं सगळं एकाच महिन्यात अंगावर आलं. त्यापुढे तू ‘अचानक आलेला खर्च’ असं लिहिलंस. अरे, अचानक कसला? पॉलिसीवर तारीख छापलेली असते. भाड्याचा करारही 11 महिन्यांचा. तो संपला की नवा करार, त्याची नोंदणी, भाडेवाढ, आणि मालकाने जागा सोडायला सांगितलीच तर एजंटला द्यायचं एका महिन्याचं भाडं वेगळं. दिवाळी दरवर्षी येते. तुमच्या वयात मित्रांची लग्नंही दरवर्षी निघतात, आणि नाशिकचं लग्न म्हणजे आहेर, जाण्यायेण्याचं भाडं, नवा कुर्ता.

मी अंदाजाने मांडून बघितलं. गाडी 8,000, करार 6,000, दिवाळी 20,000, लग्नकार्यं 12,000, स्वतःची आरोग्य पॉलिसी 9,000 (कंपनीची पॉलिसी नोकरी असेपर्यंतच, ही अजून तू काढलेली नाहीस, ती काढच), चष्मा, दात, औषधं मिळून 5,000. झाले 60,000. महिन्याला 5,000 पडले. म्हणजे तुझ्याकडे उरणारे 9,000 कधी नव्हतेच, 4,000 होते. वाचून वाईट वाटेल, पण खरा आकडा हातात असलेला बरा.

आपल्या घरी हे असंच चालत आलंय. एप्रिल-मेमध्ये वर्षाचे गहू, तांदूळ, तूरडाळ भरायची. जून उजाडला की अप्पा बळवंत चौकातून तुम्हा दोघांची वह्या-पुस्तकं, मग गणवेश, मग गणपती, मग दिवाळी. गच्चीवर जुन्या चादरींवर डाळ पसरलेली असायची आणि तुम्ही दोघं तिला एरंडेल चोळायला बसायचात, आठवतं? कोपरापर्यंत हात माखून घ्यायचात. मे महिना आला म्हणून बाबांचा पगार काही वाढून यायचा नाही. दिवाळीचे दिवे उतरले की मी धान्याचे पैसे बाजूला काढायला लागायचे, आणि त्या पैशांना घरात कुणी हात लावायचं नाही. मधल्या काळात पाहुणे येवोत, काही होवो. त्यामुळे दुकानदाराकडे उधारी सांगायची वेळ आली नाही, याचं मला आजही समाधान आहे.

तुझ्या पगाराच्या स्लिपवर प्रोफेशनल टॅक्स दिसतो ना? वर्षाचे 2,500 रुपये. दर महिन्याला 200 कापतात आणि फेब्रुवारीत 300. पगार हातात येण्याआधीच जातात, म्हणून तुला ते कधी जाणवलेही नाहीत. तसंच स्वतःचं कर. दुसरं बचत खातं उघड आणि पगाराच्या दुसऱ्या दिवशी 5,000 तिकडे आपोआप जातील अशी सूचना बँकेला देऊन ठेव. त्या खात्याला यूपीआय जोडू नकोस, त्याचं कार्ड माझ्याकडे ठेवलंस तरी चालेल. विमा आला, दिवाळी आली, की त्यातूनच भरायचं. राहिलेल्या 4,000 ची बचत किती आणि मजा किती, ते तुझं तू ठरव. मित्रांबरोबरची रविवारची मिसळ आणि सिंहगड मात्र बंद करू नकोस. चहा सोडा आणि श्रीमंत व्हा, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. तुझी भगदाडं चहाने पडलेली नाहीत.

आता खरी काळजीची गोष्ट. टायर आणि विम्याच्या त्या महिन्यात तू क्रेडिट कार्ड वापरलंस आणि 30,000 च्या बिलावर ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे निदान भरायलाच हवी अशी रक्कम, म्हणून 1,500 भरलेस. राहिले 28,500. तुझ्या स्टेटमेंटवर दर महिन्याला साडेतीन टक्के व्याज लिहिलंय, म्हणजे वर्षाला 42 टक्के. एका महिन्याचं व्याज जवळजवळ 1,000, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 180. तू असेच 1,500 भरत राहिलास तर मुद्दल महिन्याला कसंबसं 320 रुपयांनी कमी होणार. शिवाय बिल पूर्ण भरलं नाही की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. तू त्या कार्डावर काढलेल्या पेट्रोललाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतंय. हे कळल्यापासून मला नीट झोप नाही.

आजीने तुझ्या नावावर ठेवलेली 50,000 ची ठेव मोडायला तुझा जीव होत नाही, हे मी जाणते. पण तिच्यावर सात टक्क्यांच्या आतबाहेर व्याज मिळतंय आणि इकडे तू 42 टक्के भरतोयस. मुदतीआधी मोडली म्हणून बँक व्याजात अर्धा-एक टक्का कापेल, तेवढं सोसू. कार्डाची सगळी बाकी एकदम फेड आणि उरतील ते पुन्हा तुझ्याच नावाने ठेवीत टाकू. बाबा मी देतो म्हणाले, मीच नको म्हटलं, कारण तुझ्याकडे पैसे आहेत.

ठेवीची पावती माझ्या कपाटात आहे. येत्या शनिवारी येऊ नकोस, तो दुसरा आहे आणि बँक बंद असते. त्याच्या पुढच्या शनिवारी सकाळी ये, पॅन आणि आधार घेऊन. दोघं मिळून जाऊ. जेवायला थांब.

तुझी,
आई