प्रोपेनचा हीट पंप : आधी वजनकाटा, मग टॉर्च

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या बाजारातून दीड टनी एसीचा कॉम्प्रेसर उचलायचा, त्यात प्रोपेन भरायचा आणि हवेतली उष्णता ओढून पाणी तापवायचा हीट पंप घरीच जोडायचा, असा बेत असणाऱ्यांसाठी हे पत्र. हिशेब मोहात पाडणाराच आहे. शंभर लिटर पाणी २० वरून ५० अंशांवर न्यायला साधा गीझर साडेतीन युनिट खातो, नीट जमलेला हीट पंप सव्वा. जुन्या एसीत असणाऱ्या आर-२२ गॅसच्या कॉम्प्रेसरला प्रोपेन, म्हणजे आर-२९०, मानवतोही : दाब जवळपास तेच, तेलही तेच चालते. गोदरेजने २०१२मध्येच या गॅसचे एसी बाजारात आणले.

घोटाळा होतो तो स्वयंपाकाच्या सिलिंडरमधला गॅसच प्रोपेन म्हणून भरल्यामुळे. त्यात प्रोपेन आणि ब्यूटेनची मिसळ असते, प्रमाण दर सिलिंडरला वेगळे. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, ब्यूटेन शून्याच्या आसपास. मग गेजवरचा दाब आणि कॉइलचे तापमान यांचा मेळच बसत नाही. वर वासासाठी घातलेले गंधकयुक्त रसायन आणि ओलावा. हा ओलावा कॅपिलरीच्या, म्हणजे गॅसचा दाब उतरवणाऱ्या केसासारख्या नळीच्या, तोंडाशी गोठतो, सक्शनचा, म्हणजे कॉम्प्रेसर गॅस ओढतो त्या बाजूचा, काटा शून्याखाली उतरतो, पाणी तापायचे थांबते. दहा-पंधरा मिनिटांनी बर्फ वितळला की यंत्र आपोआप सुरळीत. काटा शून्याखाली असताना एखादा सांधा गळका असेल, तर हवा आत ओढली जाते. रेफ्रिजरेशनसाठी मिळणारा शुद्ध प्रोपेनच घ्यावा. मात्र त्याला वास नसतो. गळती नाकाला कळत नाही.

आता वजन. आर-२२ ९०० ग्रॅम लागत असेल, तर प्रोपेन ३६० ते ४०० ग्रॅम पुरतो. अँपिअर बघून अंदाजाने भरायची सवय इथे सोडावी. एक ग्रॅम दाखवणारा वजनकाटा हवा. दर घनमीटर हवेत ३८ ग्रॅम प्रोपेन झाला की एक ठिणगी पुरे. पाच बाय सात फुटांचे, नऊ फूट उंचीचे न्हाणीघर जेमतेम नऊ घनमीटर, म्हणजे यंत्रातला सगळा गॅस सुटला तर सगळी खोलीच पेटण्याजोगी. सुरक्षिततेसाठी या ३८ ग्रॅमच्या एक-पंचमांशाची मर्यादा पाळायची तर तिथे ७० ग्रॅमच चालतील. शिवाय हा गॅस हवेच्या दीडपट जड. ड्राय बाल्कनीत कोरडा पडलेला नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीतले सांडपाण्याचे तोंड, असेल, तर त्यातून खाली उतरतो. यंत्र उघड्या गच्चीवरच ठेवावे. रिले, थर्मोस्टॅट, कॉन्टॅक्टर असे ठिणगी पाडणारे विजेचे भाग बंद पेटीत, उंचावर.

गॅस वाहणारी तांब्याची कॉइल पाण्याच्या टाकीत बुडवू नये. टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्याने तिला भोक पडले, तर गॅस गरम पाण्याच्या नळातून थेट न्हाणीघरात येतो. कॉइल टाकीला बाहेरून गुंडाळावी, उष्णता थोडी कमी पोचली तरी चालेल.

सांधे जोडून झाले की कोरड्या नायट्रोजनने दाब द्यावा, साबणाचे पाणी लावावे, रात्रभर काटा बघावा. ऑक्सिजन कधीही नाही. तेलाशी गाठ पडली की स्फोट. मग पंपाने व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन हे इथे दाबाचे माप), त्यानंतरच गॅस. दुरुस्तीच्या वेळी गॅस उघड्यावर, ठिणगीपासून लांब काढून, नायट्रोजन फिरवून, मग पाइप सांधे वितळवणाऱ्या टॉर्चने न सोडवता कटरनेच कापावा.

आणि यंत्रावर ठळक लिहावे : 'आर-२९०, ज्वलनशील, इतके ग्रॅम'. पुढच्या वर्षी येणारा मेकॅनिक आर-२२ समजूनच टॉर्च पेटवेल.

– एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे