माद्रिदच्या लावापिएस वस्तीतल्या दुकानदार भाईंना जाहीर आभारपत्र

भाई, सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीत आहे, म्हणजे आमच्यातल्याच कुणाला तरी ते गल्ल्यापाशी उभं राहून तुम्हाला हिंदीत सांगावं लागणार. चालेल, तुमच्या हिशेबाच्या वेळी नाही सांगणार. मराठीत अशासाठी, की माद्रिद, बार्सेलोना, वालेन्सियाला नव्यानं येऊन पडणाऱ्या आमच्या माणसांनी ते वाचावं आणि पहिल्या महिन्यात पाव-चीज खाऊन रडकुंडीला येऊ नये.

आभार एका नकाराचे आहेत. उन्हाळा सरता सरता तुमच्या दारामागे आट्याच्या दहा किलोच्या पिशव्यांची थप्पी असते. गिऱ्हाईक त्यातली एक ओढत गल्ल्यावर आणतं, पाकीट काढतं. तुम्ही पिशवीच्या शिवणीचा दोरा नखानं सैल करता, चिमूटभर पीठ जिभेवर ठेवता आणि आवंढा गिळेपर्यंत गप्प राहता. मग तोंड वाकडं करून पिशवी पायानं काउंटरखाली सरकवता. "ये नहीं. गुरुवार को आना." संपलं. पिशवीवरची तारीख अजून उलटलेली नसते. विकली असती तरी तुम्हाला कुणी जाब विचारला नसता.

जीभ लावून बघायची ही रीत आमच्या आज्यांनाही ठाऊक होती, पण तिचं कारण इथे नव्यानं समजून घ्यावं लागतं. आट्यात गव्हाचा अंकुर दळलेला असतो आणि अंकुरात तेल असतं. माद्रिदच्या जुलै-ऑगस्टात पारा चाळिशीला टेकतो. बंद शटरमागच्या गोदामात ते तेल खवट होतं. ताजं पीठ जिभेवर किंचित गोड लागतं. खवट पीठ आधी काहीच लागत नाही, गिळताना घशाशी कडू होतं, म्हणून तो थांबा. अशा कणकेची पोळी दिसायला बरी होते, फुगतेसुद्धा, फक्त गार झाली की कडवट लागते आणि बिचारी करणारी तव्याला दोष देत बसते. घरी आणलेली चांगली पिशवीही दोन-दोन किलोच्या डब्यांत वाटून, प्रत्येक डबा आधी चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवायचा हे तुमचंच सांगणं. उणे अठराला पोरकिड्यांची अंडी मरतात, मग जाळी धरत नाही. डबा बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायचा नाही, नाहीतर बाहेरच्या हवेतलं पाणी पिठावर बसतं आणि गुठळ्या होतात.

तुमच्या आधी भेटलेल्यांबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. कुणाचं नाव घेत नाही. एक चकाचक दुकान होतं, तिथे डाळीच्या पाकिटावरच्या तारखेवर दुसरी चिठ्ठी चिकटवलेली असे आणि खाली नखानं खरवडलं की मागचं वर्ष निघे. एक नोकरी देणारी कंपनी होती. तिच्या स्वागताच्या जाडजूड पुस्तिकेत पाएया हा इथला भात कसा खावा यावर दोन पानं होती, पण घरच्या शेगडीवर भारतातला कुकर चालेल का, याचं उत्तर कुठेच नव्हतं. (इंडक्शनवर ॲल्युमिनियमचा चालत नाही. विट्रोवर, म्हणजे काचेखाली तार तापते त्या विजेच्या शेगडीवर, चालतो, बूड सपाट असेल तर.) आणि आपलीच जुनी जाणती मंडळी! काहीही विचारा, "सगळं मिळतं हो इथे" म्हणून मोकळी. कुठे मिळतं, कोणतं घ्यायचं, कोणतं घ्यायचं नाही, हे विचारलं की त्यांना मीटिंग असते.

सगळं मिळतं हे खरंच आहे. घोळ पुढे होतो. सुपरमार्केटात 'आरिना इंतेग्राल' दिसलं की आपला माणूस खूश होऊन उचलतो. ते रोलरवर दळलेलं पीठ असतं, वेगळा काढलेला जाड कोंडा त्यात परत मिसळलेला. चक्कीच्या दगडाखाली गव्हातला स्टार्च चेचला जातो, म्हणून आपली कणीक पाणी धरून ठेवते आणि पोळी संध्याकाळपर्यंत मऊ राहते. रोलरच्या पिठाला ते जमत नाही, वर कोंड्याचे तुकडे लाटताना पोळीला चिरा पाडतात. मग कुणी 'आरिना दे फुएर्सा' आणतं. ते पावाचं पीठ, त्यात चिकटपणा इतका की लाटलेली पोळी लाटणं उचलताच आक्रसते. 'रेपोस्तेरिया' लिहिलेलं केकचं पीठ तर उलट, पोळी उचलतानाच फाटते. गुरुवारपर्यंत आटा येणार नसेल तेव्हाची तुमची तोड अशी: इंतेग्राल बारीक चाळणीनं चाळून दोन वाट्या, त्यात साधं गव्हाचं पीठ एक वाटी, चमचाभर तेल, कोमट पाणी नेहमीपेक्षा थोडं कमी, आणि पाऊण तास ओल्या फडक्याखाली. तो पाऊण तास टाळायचा नाही, उरलेला बारीक कोंडा तेवढ्यात भिजतो. विट्रोची काच आपोआप तापते-विझते, त्यामुळे पोळीवर एकीकडे डाग, एकीकडे कच्चं. त्याला जाड, सपाट बुडाचा लोखंडी तवा हवा. तो पाच मिनिटं आधी तापत ठेवायचा, म्हणजे काच विझली तरी तव्याची धग टिकते. फुलका आचेवर टाकायची हौस मात्र सोडून द्यावी, तव्यावरच फडक्यानं दाबून फुगवावा.

डाळीची गोष्ट मला याहून आवडते, कारण तिथे तुम्ही विक्रीच्या विरुद्ध बोललात. आलिकांतेहून आलेली एक मुलगी तुमच्याकडची तूरडाळ परत घेऊन उभी. तास झाला तरी शिजत नाही, दाणा दाणा वेगळा. तुम्ही पाकीट फिरवून बघितलंत आणि म्हणालात, डाळ बदलून देतो, पण आधी पाणी बदल. माद्रिदचं पाणी ग्वादार्रामाच्या डोंगरातून येतं, मऊ असतं, इथे डाळ पटकन मऊ होते. भूमध्य समुद्राच्या कडेनं, बार्सेलोनापासून वालेन्सिया, आलिकांते, मुर्सियापर्यंत, नळाला जड पाणी. त्यातला चुना डाळीच्या पेशींच्या भिंतींतल्या पेक्टिन नावाच्या चिकट द्रव्याला बांधून ठेवतो, मग कुकरच्या कितीही शिट्ट्या करा. अशा ठिकाणी भिजवायला आणि शिजवायलाही बाटलीचं पाणी घ्यायचं, पण कुठलंही नाही. बाटलीवर 'मिनरालिसासिओन देबिल', म्हणजे कमी क्षाराचं, असं लिहिलेलं असतं, त्यावरही विसंबायचं नाही, कारण लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत क्षार असले तरी तसं लिहिता येतं. खाली बारीक अक्षरांत 'रेसिदुओ सेको', म्हणजे पाणी आटल्यावर उरणारे क्षार, शोधायचं. तो आकडा 50 च्या आत असला तर उत्तम, शंभरापर्यंत चालेल. पाणी विकत घ्यायचं नसेल तर वाटीभर डाळीला दोन चिमटी खाण्याचा सोडा. जास्त टाकला की वरणाला साबणाचा वास येतो. चिंच, टोमॅटो, आमसूल हे सगळं डाळ मोडल्यानंतर, कारण आंबटपणानंही डाळ अडून बसते. जड पाण्याच्या चहावर जी पातळ तेलकट साय दिसते तीही त्या चुन्याचीच करामत, चहापत्तीचा दोष नाही.

इथल्या कुकरला शिट्टी नसते, यानं भलेभले गांगरतात. वरची कांडी दुसऱ्या रेघेपर्यंत आली की घड्याळ लावायचं. अर्धा तास भिजलेल्या तुरीला दहा ते बारा मिनिटं.

तांदळाच्या बाबतीत तर तुम्ही गिऱ्हाईक सरळ समोरच्या सुपरमार्केटात पाठवता. वरण-भाताला, पोराच्या मऊभाताला तुमचा बासमती लागतच नाही. इथला साधा 'आर्रोस रेदोन्दो', गोल दाण्याचा तांदूळ घ्यायचा, वालेन्सियाचा किंवा एब्रो नदीच्या मुखाकडचा. धुऊन, तिप्पट पाण्यात, कुकरला. आंबेमोहोराचा वास येणार नाही, पण भात हवा तसा मऊ, एकजीव होतो. महागातला 'बोम्बा' चुकूनही घेऊ नये, तो पाणी भरपूर पितो आणि तरी फुटत नाही, पाएयासाठी तोच त्याचा गुण. मऊभात करायला बसलात तर पोर झोपून जाईल.

पोहे तुमच्याकडे 'चिरा' या बंगाली नावानं असतात हे कळलं की नाश्त्याचं भागलं. पण ते बहुतेकदा पातळ असतात, भिजवायचे नाहीत. चाळणीत घेऊन वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि दहा मिनिटं झाकायचे. साबुदाण्याचं तुम्ही थेट बजावता. थाई दुकानातले टॅपिओकाचे मोती दिसतात साबुदाण्यासारखे, पण रात्रभर भिजत घातले की सकाळी खळ. आपला साबुदाणा शेकून-वाफवून आलेला असतो, ते मोती कच्च्या स्टार्चचे. एकादशीच्या सकाळी हे कळून उपयोग नसतो.

उलट मोदकाला थाई दुकानच बरं. स्पॅनिश तांदळाचं पीठ कोरडं दळलेलं, रवाळ, त्याच्या उकडीच्या पाऱ्या चिरतात. तीन डोक्यांच्या हत्तीचं चित्र असलेल्या पिशवीतलं, लाल अक्षरांचं पीठ घ्यावं. तांदूळ भिजवून दळलेला असल्यानं ते मऊसूत असतं. हिरव्या अक्षरांचं चिकट तांदळाचं, ते वाटीमागे फक्त एक चमचा, पारी लवचीक व्हायला. गुळाला लॅटिन अमेरिकन दुकानातला 'पानेला' चालतो. तुमच्या फ्रीझरमधलं किसलेलं खोबरं आधी पिळून घ्यायचं, नाहीतर सारण पाणी सोडतं आणि मोदक बसतात.

तूप आणि पेढे बॅगेतून आणायचे नाहीत, दुधाचे पदार्थ युरोपात आणायला बंदी आहे. कढीपत्त्याच्या ताज्या डहाळ्याही सरकारी प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. (नारळ आणि केळी चालतात, कोकणी माणसानं हसून घ्यावं.) तूप तर इथेच झकास होतं: 'मांतेकिया सिन साल', म्हणजे बिनमिठाचं लोणी, 82 टक्के स्निग्धांश, पाव किलोला साधारण दोनशे ग्रॅम तूप. दह्याला विरजण म्हणून साधं 'योगुर नातुराल' घ्यावं. त्यावर 'पास्तेरिसादो देस्पुएस दे ला फेर्मेंतासिओन' (विरजल्यानंतर तापवलेलं) लिहिलं असेल तर त्यात जिवंत काही उरलेलं नाही, रात्रभर ठेवून दूधच मिळेल. 'क्वाहादा' दिसायला अगदी कवडीचं दही, पण दूध गोठवणाऱ्या रेनेटनं लावलेलं, विरजणाला निकामी. आणि लाल तिखटाचा रंग वाढवायला पिमेंतोन, म्हणजे इथली लाल मिरचीची पूड, घालणार असाल तर मुर्सियाचं. ला वेराचं ओकच्या धुरावर वाळवलेलं असतं, एक चमचा पडला की आमटीला चुलीतल्या लाकडाचा वास. वांग्याच्या भरतात मात्र जरूर घालून बघावं, शेगडीला जाळ नसल्याची भरपाई होते.

इतकं सगळं सांगूनही तुम्ही काही ज्ञान दिल्याचा आव आणत नाही, हे मला फार मोठं वाटतं. परदेशात माणूस पहिल्यांदा लुटला जातो तो भुकेपायी. घरची चव हवी असलेल्या माणसाला काहीही, कितीही भावानं विकता येतं, आणि विकणारे विकतातही, वर "घ्या हो, आपलंच आहे" असं म्हणून. "आपलंच" म्हणणाऱ्यांनी शिळं दिलं आणि दुसऱ्या देशाच्या, दुसऱ्या भाषेच्या दुकानदारानं पिशवी परत घेतली. तुमच्यासारखी माणसं आणखीही आहेत. मासळीवाली मासे साफ करून वर पेरेहिलची (पार्सलीची) काडी फुकट खोचते, दादरच्या बाजारात कोथिंबीर मिळावी तशी. वरच्या मजल्यावरच्या आजी अंगणाच्या दोरीवरचे कपडे फोडणीच्या वेळी गुपचूप आत घेतात आणि तक्रार करत नाहीत. पण त्यांचं नुकसान होत नसतं. तुमचं दहा किलोचं होतं.

काउंटरखाली सरकवलेल्या त्या पिशव्यांचं पुढे काय करता हे कुणी विचारलं नव्हतं, म्हणून एकदा विचारलं. पुरवठादार परत घेत नाही म्हणालात. तेव्हा आम्ही काही घरांनी मिळून असं ठरवलंय: उन्हाळ्यात तुम्ही आटा साठवून ठेवायचा नाही. जुलै आणि ऑगस्टात कुणाला किती लागेल ते आम्ही महिना आधी लिहून देऊ, पैसेही आधी देऊ, तेवढ्याच पिशव्या मागवा. गणपतीच्या आठवड्यात खोबऱ्याची पाकिटं नेहमीच्या दुप्पट लागतील, त्याची यादी सोबत जोडली आहे. कढीपत्ता शुक्रवारचा चालेल, फक्त फ्रीजच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, पानं काळी पडतात. तेवढं एकच तुम्हाला आम्ही शिकवू शकलो.

कळावे, लोभ असावा.
तुमच्या दुकानातली मराठी गिऱ्हाइकं