काल फोनवर हसले त्याबद्दल

चिनू,

फोनच करणार होते पण काल तू ज्या आवाजात "ठेवतो" म्हणालास ना, त्यानंतर हिंमत होईना, म्हणून टाइप करतेय. मी हसायला नको होतं. तू त्या असाइनमेंटचं परत पहिल्यापासून सांगायला लागलास आणि माझ्या तोंडून निघून गेलं की म्हातारा झालास की काय, आत्ताच तर सांगितलंस. मग तू गप्प झालास आणि म्हणालास, आई मला आजकाल काहीच लक्षात राहत नाही. रात्रभर तेच डोक्यात.

दिवसभरात कुणाशी बोलतोस का रे तू? म्हणजे समोरासमोर?

रात्री बसून वाचत होते (ताई ओरडली, पण ती काय ओरडतच असते). ताण खूप दिवस राहिला की शरीरात कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं हार्मोन, चढलेलंच राहू शकतं, आणि मेंदूतला जो हिप्पोकॅम्पस नवीन आठवणी बनवतो त्यालाच ते जास्त बाधतं. आणि मेल पाठवायचा राहिला, गॅसवर काय ठेवलंय तेच विसरलो, हा बरेचदा लक्षाचा घोळ असतो, डोक्यात सारखी काळजी चालू असली की गोष्ट धड आत शिरतच नाही, मग आठवणार कुठून. त्यात ऑनलाइन कॉलेजपायी तुझे सात महिने एका खोलीत, तीच खुर्ची तीच भिंत तोच स्क्रीन. कॉलेजात वर्ग बदलतो, शेजारी कोण बसलं, सर कशावर चिडले, आठवण अडकवायला खुंट्या असतात. 1975 साली पाणबुड्यांना शब्द पाठ करायला लावले होते, पाण्याखाली पाठ केलेले पाण्याखाली जास्त आठवले आणि काठावरचे काठावर. तुझं सगळं एकाच खुंटीवर लटकलंय, गुंता होणारच.

अंटार्क्टिकात 9 जण 14 महिने राहून आले, त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा एक भाग थोडा लहान झालेला दिसला असं 2019 मध्ये छापून आलंय. ते वाचलं आणि लॅपटॉप बंदच केला. तुला सांगायला नको होतं हे. 9च तर माणसं, आणि तिथे हिवाळ्यात सूर्यसुद्धा उगवत नाही, तुझं तसं थोडंच आहे. पण बोलतोस ना कुणाशी?

झोपेचं मात्र बोलणारच मी. दिवसभरात शिकलेलं झोपेत पक्कं होतं आणि तू पहाटे तीनला ऑनलाइन दिसतोस, मग सकाळचं लेक्चर अर्धवट, मग रेकॉर्डिंग बघू म्हणतोस, ते राहून जातं, मग परत जागरण, असं कसं चालेल, निदान टेबल तरी खिडकीशी सरकव, उठून चालून ये, कामं लिहून ठेव... झालं बघ सुरू माझं लेक्चर. सॉरी.

पार्किंगमधल्या सगळ्या गाड्यांचे नंबर पाठ असायचे तुला, पाच वर्षांचा होतास. बाबा स्कूटर कुठे लावली ते विसरायचे आणि तुला कडेवर घेऊन विचारायचे, तू बोट दाखवायचास. मी गोष्टीतली एक ओळ गाळली तरी पकडायचास, माईआजीला तर त्याचं केवढं कौतुक. म्हणूनच काल हसले गं बाई मी, मला वाटलं हा विसरूच शकत नाही. तुझ्या घाबरण्याकडे माझं लक्षच गेलं नाही.

सगळंच नकोसं वाटत असेल तर कॉलेजच्या काउन्सेलरशी बोल, व्हिडिओवर बोलतात म्हणे. बाबांना नको असेल तर नाही सांगणार.

ता.क. निळा डबा सापडला, ताईकडेच होता. आणि त्या असाइनमेंटचं मला अजून नीट कळलेलं नाही, रात्री फोन कर आणि परत सांग.

आई